दोनडोळ्याचं ऑफिस

कुणी मला विचारलं, की मास्तर, ती दोन वर्षं तुम्ही जालन्याला नेमकं काय करत होतात, तर मी आधी सरळ उत्तर द्यायला जातो. पाच मिनिटांत समोरच्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळते. मग मी सरळ उत्तर सोडून देतो आणि एखादा किस्सा सांगतो. तो हसतो, चहा पितो, जातो. इतकी वर्षं हेच चाललंय. काम कुणाच्या लक्षात राहिलं नाही, किस्से तेवढे साचत गेले. आता तेही सांगून सांगून मी दमलोय.

तरी एकदा काम सांगतोच. कॅलेंडरकडे बघू नका.

माणसाला दोन डोळे आहेत म्हणून त्याला जवळचं-लांबचं कळतं. एक डोळा मिटून दोन हातांची बोटं समोरासमोर आणून टेकवायला जा, हमखास चुकतील. आमचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं होतं. डोंगराचा एक फोटो इथून काढायचा, दुसरा शंभर पावलं उजवीकडे जाऊन. डावा फोटो डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला दाखवला, की डोंगर सपाट राहत नाही, उठून समोर उभा राहतो. मग त्या उभ्या डोंगराची उंची ऑफिसात बसून यंत्रावर मोजायची. मोजणीची साखळी ओढायला नको, कडे चढायला नकोत.

हे निजामाच्या राज्यातलं, पोलीस ॲक्शनच्या दहाएक वर्षं आधीचं. आम्ही चौघं होतो. हाश्मी साहेब मुख्य. हैदराबादचे, विलायतेत शिकून आलेले, उंच आणि जरा वाकून चालणारे. करीमभाई फोटोग्राफर, जालन्याचेच. दगडू साखळीवाला हसनाबादचा. आणि मी मंठ्याच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, नकाशे काढायला उसना घेतलेला. ऑफिस म्हणजे स्टेशनजवळचं कापसाचं रिकामं गोदाम. दोन वर्षं आम्ही तिथं शिंकत काढली.

हैदराबादनं साहेबांना सांगितलं होतं, हसनाबादच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा नुसत्या फोटोंवरून नकाशात उतरवून दाखवा. मग खात्याचे सगळ्यांत वरचे अधिकारी, नाझिम साहेब, स्वतः येऊन त्यातल्या बारा जागा जुन्या पद्धतीनं मोजून बघतील. बाराही जागी आमची उंची दोन फुटांच्या आत जुळली तर पद्धत मंजूर. एका जागी जरी चुकली तर यंत्र खोक्यात आणि ऑफिसला कुलूप. साहेबांनी यासाठी बढती नाकारली होती, आणि खात्यातले लोक त्यांना तोंडावर 'तसबीरवाले' म्हणत. त्यांना ही बाजी जिंकायचीच होती.

* * *

यंत्र जर्मनीहून लाकडी खोक्यांतून आलं. दोन डोळ्यांना दोन नळ्या, खाली फोटोच्या दोन काचा ठेवायची जागा (तेव्हा फोटो काचेवरच निघत), बाजूला पितळी चाकं. दगडूनं त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, दोनडोळ्या. पुढं सरकारी पत्रं सोडली तर ते दुसऱ्या नावानं कुणी ओळखलंच नाही.

त्यावर बसायला माणसं निवडायची होती. साहेबांनी तालुक्या-तालुक्यातून नकाशाच्या कामातले लोक बोलावले. एकेकाला नळ्यांना डोळे लावायला सांगायचे आणि विचारायचे, "डोंगर उठून दिसतो का?"

पहिला म्हणाला, माशाल्ला, काय उठलाय. दुसरा म्हणाला, झाड न झाड मोकळं दिसतंय. आष्टीहून आलेला एक कारकून तर खुर्चीसकट मागं सरकला. म्हणाला, डोंगर अंगावर येतो, सरकार. मीही डोळे लावले. मला सपाट फोटो दिसत होता. पण इतक्या लोकांना दिसलं आणि मलाच दिसू नये, म्हणजे माझ्यातच काही कमी असणार. मी म्हणालो, "फार छान उठलाय, साहेब."

दगडू त्या दिवशी खोकी वाहायला आला होता. साहेबांनी त्यालाही बसवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"साहेब, ह्यात तं काहीच उठून न्हाई राह्यलं. दोन्हीकडं एकच फोटो हाय का?"

दोन्हीकडं एकच फोटो होता. साहेबांनी मुद्दाम ठेवला होता. दोन फोटो वेगळ्या जागेवरून काढलेले नसले तर काहीच उठत नाही. दगडूला तिथल्या तिथं यंत्रावरची नोकरी लागली. बाकीचे दुपारच्या गाडीनं परत गेले.

मी सामान बांधत होतो, तर साहेब जवळ आले. "मास्तर, आप झूठ बोले," ते म्हणाले. "लेकिन आपका खत बहुत साफ है. रुक जाइए." आयुष्यात अक्षरानं मला एवढीच नोकरी मिळवून दिली.

* * *

करीमभाईंचा जालन्यात स्टुडिओ होता. लग्नाचे, सुंतेचे, परदेशी निघालेल्या मुलाचे फोटो त्यांनी वीस वर्षं काढले होते. काच फार सुरेख धुवायचे. पण सवयी स्टुडिओतल्या. डोंगरासमोर कॅमेरा लावला, की काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज यायचा, "हिलना नहीं." आम्ही सगळे श्वास धरून उभे राहायचो. डोंगरही हलायचा नाही.

खरी पंचाईत यंत्रावर झाली. दोनडोळ्याच्या दोन्ही भिंगांत एकेक बारीक काळा ठिपका होता. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की दोहोंचा मिळून एक ठिपका व्हायचा आणि डोंगरापुढे हवेत तरंगायचा. चाक फिरवत फिरवत तो जमिनीला टेकवायचा आणि पट्टीवरचा आकडा लिहायचा. त्यावरून उंची निघायची. करीमभाई एकाच झाडाच्या बुंध्यावर ठिपका टेकवायचे, आणि दर वेळी आकडा वेगळा. सकाळी झाड टेकडीवर, दुपारी ओढ्यात.

आठ दिवस आम्ही यंत्राला दोष दिला. साहेबांनी सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले. नवव्या दिवशी दगडू सहज वाकून करीमभाईंच्या तोंडाकडे बघायला लागला.

"भाई, तुमी एक डोळा मिटून कामून बघून राह्यले?"

वीस वर्षं कॅमेऱ्यात बघताना डावा डोळा मिटायची सवय. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. त्यानंतर यंत्रावर बसले, की ते दोन बोटांनी डावी पापणी वर धरून ठेवायचे. तशानं चाक फिरवायला एकच हात उरायचा, म्हणून दुसरं चाक दगडू फिरवायचा. एक काम, दोन माणसं, तीन हात. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, काम संथ पण समाधानकारक.

* * *

नकाशाला आधार म्हणून पट्ट्यात ठिकठिकाणी खडकांवर चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या. तेवढ्या जागांची उंची आधीच ठाऊक होती, बाकी सगळं त्यावरून काढायचं. फोटोत त्या फुल्या पांढऱ्याशुभ्र उठायच्या.

दुसऱ्या वेळी फोटो काढले, तर काचेवर एकही फुली नाही. करीमभाईंनी औषधं बदलली, कॅमेरा उघडून बघितला. काही कळेना. दगडूला जागेवर पाठवलं. तो संध्याकाळी परत आला आणि गालातल्या गालात हसत बसला.

"साहेब, फुल्या हायेत जागच्या जागी. पर बायांनी शेंदूर फासलाय."

त्या काळच्या काचेला लाल रंग काळाच दिसायचा. शेंदूर फासला की फुली खडकात मिसळून गेली. साहेब म्हणाले, पुसून टाका. दगडू म्हणाला, पुसलं तर गाव दगडं घेऊन मागं लागेल, मला उद्या तिथंच राहायचंय. मग साहेबांनी तहसीलला लिहायचं ठरवलं. तहसीलला लिहिणं म्हणजे सहा महिने. आम्ही डोक्याला हात लावून बसलो.

दगडू एका बाजाराच्या दिवशी गावात जाऊन आला. पुढच्या खेपेला फोटो काढले, तर सगळ्या फुल्या लख्ख. उलट पहिल्यापेक्षा जास्त.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

"काय न्हाई, मास्तर. बायांला सांगितलं, ह्यो देव लई सोवळ्याचा हाय. ह्याला शेंदूर चालत न्हाई. निस्तं पीठ अन् पांढरं फूल."

साहेबांनी त्या दिवशी दगडूला बसायला खुर्ची दिली. पुढं नकाशात त्या फुल्यांना कुठली खूण द्यायची, यावर त्यांचा आणि माझा बराच वाद झाला. मी म्हणत होतो देवस्थान लिहा. त्यांनी ते काही लिहू दिलं नाही.

* * *

एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कॅमेरा न्यायला, पातळीत बसवायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात एखादी वस्तू थोडी सरकली, की यंत्रात ती भलत्याच ठिकाणी दिसायची. डोळ्यांना ते सरकणं कळत नाही, अंतर बदललं असं वाटतं.

एकदा पहिल्या फोटोत एक बैलगाडी आली. गाडीवान तंबाखू मळायला थांबला असावा, कारण दुसरा फोटो निघेपर्यंत ती जेमतेम चार पावलं पुढं गेली होती. यंत्रात ती गाडी, बैलांसकट, दरीच्या मधोमध हवेत उभी. खाली पन्नास फूट काही नाही. दगडूनं पाहिलं आणि नळ्यांना डोळे चिकटवूनच म्हणाला, "आरं, ही तं म्हादू पाटलाची गाडी."

झालं. तो सुट्टीला गावाकडं गेला आणि तोंड काही त्याला आवरलं नाही. म्हादू पाटलाची गाडी सरकारी यंत्रात आभाळातून जाताना दिसली, हे आठ दिवसांत चार गावांत झालं. त्याचा अर्थ काय हे सांगणारे लोकही निघाले. पाटलाच्या घरात रडारड सुरू झाली.

शेवटी पाटील स्वतः जालन्याला आले. साठीचे, पांढराशुभ्र फेटा, बरोबर दोन भाऊबंद. साहेबांनी त्यांना मानानं बसवलं, पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ते बराबर हाय, पर मला माझ्या डोळ्यानं बघायचंय.

ते यंत्रावर बसले. हात मांडीवर घट्ट धरलेले. बराच वेळ नळ्यांवरून डोळे काढले नाहीत. भाऊबंद देवाचं नाव घ्यायला लागले. मला वाटलं, आता म्हातारा इथंच कोसळतो.

मग पाटील उठले, फेटा सारखा केला आणि भावाला म्हणाले, "बघ. वर गेला तरी डावा बैल मागंच राह्यलाय. मी म्हणत हुतो ना, ह्यो विकून टाकू."

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही. पण सांगितला नाही तर बाकीचे कशासाठी होते ते कळणार नाही.

एकदा कँपवर चहा पिता पिता करीमभाईंनी साहेबांना विचारलं, की साहेब, तुम्ही साखळीचं काम सोडून या फंदात पडलात तरी कशाला. साहेब एरवी स्वतःविषयी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

त्यांची पहिली नेमणूक दूर घाटात होती. गणपत नावाचा पट्टीवाला कड्याच्या बाजूला मोजणीची उंच पट्टी धरून उभा होता आणि साहेब समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीत बघत होते. दुर्बिणीला एकच डोळा लावतात. एका डोळ्याला गणपत आणि त्याच्या मागचा डोंगर एकाच सपाटीत दिसत होता. साहेबांनी हातानं खूण केली, थोडा मागं. गणपत मागं सरकला. साहेबांनी पुन्हा खूण केली, अजून थोडा.

"वो मेरी बात मानता था," साहेब म्हणाले. बस्स, एवढंच.

दगडू म्हणाला, "साहेब, चहा थंड होऊन राह्यलाय." साहेबांनी तो तसाच गार पिऊन टाकला. त्या दिवसापासून दगडूनं कधी कामाला नाही म्हटलं नाही. मीसुद्धा, कुरकुर करतच का होईना, यंत्रावर रोज दोन तास जास्त बसायला लागलो.

* * *

दोन तास जास्त म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच कळतं. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. कपाळ ठणकायचं. जेवताना ताटातली भाकरी दोन दिसायची आणि हातात एकच यायची. आमच्या खात्यात दरवर्षी दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा दाखला द्यावा लागे. एक डोळा गेला तरी नोकरी गेली, मग तुम्ही कितीही मोठे असा. त्यामुळे आम्ही डोळ्यांना फार जपायचो. जेवण झालं की चौघंही भिंतीला टेकून, गुलाबपाण्यात भिजवलेली फडकी डोळ्यांवर ठेवून गप्प बसायचो. अर्धा तास कुणी अक्षर बोलायचं नाही.

अशा एका दुपारी तहसीलचा चपराशी टपाल घेऊन आला. दारातूनच त्याला दिसलं, की चार माणसं ओळीनं भिंतीला टेकून बसलीत, प्रत्येकाच्या डोळ्यांना ओलं फडकं, कुणी बोलत नाही. तो आला तसा मागं फिरला. पाकिटावर शेरा पडला, की ऑफिसात कुणी वारलेलं दिसतं, सबब टपाल दिलं नाही.

आठ दिवसांनी तहसीलचे पेशकार, म्हणजे तिथले वरिष्ठ कारकून, स्वतः भेटायला आले. सभ्य गृहस्थ. दारात चपला काढल्या, खाली मान घालून साहेबांच्या शेजारी बसले, म्हणाले, मोठं दुःख झालं ऐकून. कोण गेलं?

साहेबांना काही उमजेना. मग पाकीट बाहेर निघालं. ते हैदराबादचं पत्र होतं. नाझिम साहेबांचा दौरा दोन महिने अलीकडे आला होता. तयारीला तीन आठवडे दिले होते, त्यातले आठ दिवस तहसीलच्या कपाटात गेले.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि बाजूचं ओलं फडकं उचलून पुन्हा डोळ्यांवर ठेवलं. "बैठिए, पेशकार साहब," ते म्हणाले. "आप सही वक्त पर आए."

* * *

त्या तेरा दिवसांत आम्ही कसं काम केलं ते सांगत नाही. नकाशा पुरा झाला, एवढंच. मी शेवटची रेघ मारली तेव्हा साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला फार बरं वाटलं. कुणी माझ्या रेघेसाठी असा हात धरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दौऱ्याच्या आदल्या दिवशी दगडू हसनाबादहून आला. एरवी आल्या आल्या बडबड करायचा. त्या दिवशी दारातच उभा राहिला.

"साहेब, नाझिम साहेब मोटारीतून येणार म्हणून तहसीलनं रस्ता करून घेतला. गावच्या गाड्या लावल्या हुत्या. माझा भाऊबी गेल्ता."

"अच्छी बात है," साहेब म्हणाले.

"मुरूम मसोबाच्या टेकडीचा काढलाय, साहेब. रस्त्याकडचा खांदा खाल्ला सगळा."

मसोबाच्या टेकडीचा तो खांदा म्हणजे बारांतली सातवी जागा. आमच्या काचेवर तो होता तसा होता, आमच्या नकाशातही. फक्त जमिनीवर नव्हता. साहेबांनी त्याच घटकेला तहसीलला विचारलं. तहसीलनं या वेळी मात्र संध्याकाळच्या आत लेखी उत्तर दिलं, मुरूम खाणीतून आणला आहे, टेकडीला हात लावलेला नाही. तसा हुकूमच नव्हता, मग लावतील कसा?

दुसऱ्या दिवशी नाझिम साहेबांची मोटार हसनाबादच्या पुढं धुरळा न उडवता आली. म्हातारे, ठेंगणे, फार गोड बोलणारे. मोटारीतून उतरताना पायरी जरा चुकली, तर दगडूनं हात दिला. त्यांनी दगडूला मुलंबाळं किती ते विचारलं. मग आमच्याकडे वळून, टाचेनं जमीन ठोकून म्हणाले, "मानना पडेगा, रास्ता उम्दा बनाया है."

त्यांच्या टाचेखाली आमची टेकडी होती. आम्ही चौघांनी मान डोलावली.

* * *

मोजणीला तीन दिवस लागले. अकरा जागा जुळल्या. काही तर बोटभर फरकानं. त्यांच्याबरोबरचे जुने लोक, साहेबांना तसबीरवाले म्हणणारे, एकमेकांकडे बघायला लागले. सातव्या जागी सहा फुटांचा फरक आला.

साहेबांनी सगळं सांगितलं. दगडूनं भावाचं नाव घेऊन सांगितलं. नाझिम साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, तहसीलचा कागद एक सांगतो आणि तुमचा नोकर दुसरं सांगतो, मी कुणाचं धरू? हाश्मी साहेब म्हणाले, कुणाचंच धरू नका. काचा माझ्याकडे आहेत. टेकडी होती तशी त्यांत उभी आहे. तुम्ही स्वतः ठिपका टेकवा, आकडा काय येतो बघा.

"ये इन्साफ की बात है," नाझिम साहेब म्हणाले, आणि सगळे जालन्याला आलो.

गोदाम झाडून घेतलं होतं. टेबलावर पांढरी चादर. साहेबांनी काचा स्वतःच्या हातानं पुसून बसवल्या. मी शेजारी उभा. दोन वर्षांत मी त्या खांद्यावर ठिपका इतक्या वेळा टेकवला होता, की डोळे मिटले तरी आकडा समोर यायचा.

नाझिम साहेब बसले. नळ्यांना डोळे लावले, चाक फिरवलं, फिरवलं, थांबले. "टिक गया." मी आकडा वाचला. जमिनीपासून तीस फूट वर.

"एक बार और, हुजूर," साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा फिरवलं. या वेळी ठिपका टेकडीच्या पोटात, वीस फूट आत. तिसऱ्या वेळी समोरच्या ओढ्यावर. म्हाताऱ्यानं मन लावून प्रयत्न केला, कपाळाला घाम आला होता. मागच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. हाश्मी साहेबांनी यंत्राखाली वाकून एकेक स्क्रू तपासला. सगळं जागच्या जागी होतं.

नाझिम साहेब उठले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "हाश्मी साहब, तीन बार देखा, तीन जवाब. मैं लिखूँगा कि ये तरीका भरोसे का नहीं. क्या करूँ, मजबूर हूँ."

ते टेबलाशी बसले. मी रिपोर्टाचा कागद पुढं ठेवला, दौत ठेवली. त्यांनी टाक उचलला आणि दौतीत बुडवायला खाली नेला. टाक दौतीच्या चार बोटं अलीकडे चादरीला टेकला. त्यांनी उचलला, पुन्हा नेला. या वेळी दौतीच्या पलीकडे. त्यांनी झटकन मान वर करून कुणी पाहिलं का ते बघितलं. माणूस ओशाळला की बघतो तसं. बघताना पूर्ण तोंड वळवलं, आणि मला दिसलं, त्यांचा डावा डोळा हललाच नाही.

माझं रक्त डोक्यात चढलं. दोन वर्षं. अकरा जागा. खात्याचे पंचवीस लोक मागं उभे होते. एक वाक्य बोललो असतो तर आमची पद्धत वाचली असती आणि म्हाताऱ्याचा नजरेचा दाखला गेला असता, आणि ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं, माझ्या आधी पाहिलं असावं. "साहेब, यांचा..." मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला सारून पुढं झाले.

टाक तिसऱ्यांदा खाली येत होता. हाश्मी साहेबांनी दोन बोटांनी दौत अलगद सरकवून बरोबर त्याच्या खाली आणली. टाक शाईत बुडाला.

"लिखिए, हुजूर," ते म्हणाले.